अर्थिंग

बाबालाल मुलाणीनं गाडी आणली नामक्कलहून,
सतरा वर्षांची, तीन मालकांनी वापरलेली.
काचेवर अजून तमिळ अक्षरं.
ती खरवडू नका म्हणाला,
कुणाच्या तरी देवाचं नाव असंल.

तक्रार एवढीच:
टेप लावला की डावा इंडिकेटर गाण्यात टिकटिकतो,
ब्रेक दाबला की गाणारी बाई गप्प,
आणि सकाळी सेल्फ मारला की इंजिन नुसतं कण्हतं.
“बॅटरी दोनदा बदलली, मिस्त्री.
दोनातली एकच मरती. दर वक्ताला तीच.”

विट्यात, मायणी रोडला माझं शेड.
दुपारी डॅशबोर्ड उतरवला.

काय सांगू.
सगळ्या वायरी हिरव्या,
जशी दुकानात दुसऱ्या रंगाची रिळंच नव्हती.
जोड म्हणजे नुसता पीळ,
पिळावर जखमेला लावायची पट्टी,
पट्टीवर दुधाच्या पिशवीचा तुकडा, त्यावर रबर.
फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी.
अर्थिंग ॲशट्रेच्या स्क्रूला,
आणि ॲशट्रे प्लास्टिकची.
म्हणजे इतकी वर्षं ते गाणं
एरियलच्या जाळीतून, चोरवाटेनं
जमीन शोधत होतं.

बॅटरीची पेटी उघडली.
गाडी चोवीस व्होल्टची, टेप बाराचा,
म्हणून कुण्या शहाण्यानं
दोन बॅटऱ्यांच्या मधल्या पट्टीवरून उचललेली वायर.
एकीनं फक्त गाडी ओढायची,
दुसरीनं गाडी ओढून वर गाणंही म्हणायचं.
मरणार कोण?

मी त्या माणसाला भरपूर शिव्या घातल्या.
त्याला मराठी कळत नसणार, म्हणून जरा जास्तच.

माझा बाप कोईमतूरला सोनं गाळायचा,
आमच्या तालुक्यातले निम्मे बाप तेच करायचे.
सुट्टीला आला की कावीळ झाल्यासारखी बोटं पुढं करून सांगायचा,
जोड तापव लेका, कथील नको तापवूस.
जोड तापला की कथील आपणहून धावतं.
सोन्यातलं मला काही जमलं नाही.
एवढं एक वाक्य घेऊन शिशाच्या धंद्यात आलो.

तर सगळं उपटलं. पाटीभर निघालं.
एक वायर मात्र कुठल्याच स्पीकरला जात नव्हती.
मॅटखालून, सीटखालून, गिअरला वळसा घालून
मागं क्लीनरच्या फळीपर्यंत.
तिथं, उशीच्या उंचीला,
बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेला
तळहाताएवढा स्पीकर.
तोंडाला जाळी म्हणून लोकरी टोपीचा तुकडा.
डब्याच्या कडा आत दुमडलेल्या,
वळवळणाऱ्या पोराचा कान कापू नये अशा.
आणि त्या वायरीचा जोड
पिळाचा नव्हे, डागाचा.
तिळाएवढा, गोल, अजून चकचकीत.

मी बॅटरी खाली ठेवून जरा पाणी प्यालो.

“काढून टाका,” बाबालाल म्हणाला,
“आता क्लीनर कुणाला परवडतोय. मी एकटाच असतो.”

लाल, पिवळी, काळी, प्रत्येकीला तिचा रंग दिला.
चोवीसचं बारा करणारा डबा बसवला,
फ्यूज नवा, चेसिसचा रंग खरवडून
उघड्या लोखंडावर अर्थिंग आवळलं.
इंडिकेटर टिकटिकला, आपल्या जागी.
गाणारी बाई ब्रेकलाही थांबली नाही.

मागचा डबा काढायला स्क्रू ड्रायव्हर घेतला
आणि तोच स्क्रू अर्धा आटा आणखी आवळला.
“कनेक्शन जुळलंय,” म्हटलं, “एकदा ऐकून तरी बघा.”

त्यानं चपला खाली काढल्या.
पाय दुमडून फळीवर आडवा झाला,
ती फळी त्याला दीड वीत आखूड.
अर्धं गाणं झालं, काही बोलला नाही.
“आवाज येतोय न्हवं?” मी विचारलं.

हात वर करून नुसती बोटं हलवली,
थांबा म्हणून.

मी पुढं बसून राहिलो,
ब्रेक दाबत, सोडत,
काम बाकी असल्यासारखा.