उणे बेचाळीस

प्लॉटर पहाटेपासून बिघडलाय.
पिवळा मागितला की हिरवट देतो,
उसने पैसे मागितल्यावर सल्ला देणाऱ्या शेजाऱ्यासारखा.
मी हिमेना ओयार्सूनच्या ऑफिसात नकाशे काढतो,
कास्त्रोत, चिलोए बेटावर, मासळीच्या गुदामावरच्या माळ्यावर,
जिथे कागदालासुद्धा सर्दी असते.

स्क्रीनवर भिंत लख्ख पिवळी.
कागदावर तीच, कावीळ उतरत असलेल्या माणसासारखी.
आधी शाईवर संशय. किरमिजीचं नोझल साफ केलं,
दोनदा. चाचणीच्या पट्टीवर रेघा अखंड आल्या.
मग प्रोफाइल: लावलेलं होतं चकचकीत कागदाचं,
आत मात्र खरबरीत कागदाची गुंडाळी.
बदललं. हिरवा थोडा मागे सरला,
निघतो निघतो म्हणत दारात रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखा.

"स्क्रीन उजेडात उजेड मिळवते," हिमेना म्हणाली,
"शाई उजेडातून वजा करते.
हिशेब आपोआप जुळत नाही, जुळवावा लागतो."
आणि चष्मा कपाळावर ढकलून बँकेत गेली.

अकराला दोन्या एदेल्मिरा आल्या.
घर त्यांचं. खांबांवरचं, भरतीला पाण्यात पाय सोडून बसणारं.
त्यांनी काड्यापेटीतून रंगाचा पोपडा काढला,
नवऱ्याच्या होडीसाठी आणलेल्या रंगातून
जे उरलं ते भिंतीला लागलं होतं.
ट्यूबच्या उजेडात पोपडा कागदावर ठेवला: जुळला!
खिडकीशी नेला: फारकत.
पुन्हा ट्यूबखाली: पुन्हा सुखाचा संसार.
"तुमचा दिवा तोंडदेखलं बोलतो," त्या म्हणाल्या.

मग स्वयंपाकघराचं चित्र मागितलं.
ते मी चार रात्री जागून शिजवलेलं:
दक्षिणेच्या भल्यामोठ्या काचेतून दुपारचं ऊन
ओट्यावर, किटलीवर, बटाट्यांच्या टोपलीवर,
एकेका बटाट्याला स्वतःची सावली.
त्या बराच वेळ पाहत राहिल्या.
मला वाटलं, आवडलं.
"या बाजूने ऊन? बाळा, त्रेचाळीस वर्षं
मी त्या खिडकीशी शिंपले सोललेत.
तिथून फक्त वारा येतो."

बघितलं.
स्थळाच्या रकान्यात बेचाळीस होतं,
आधीची आडवी रेघ नव्हती.
मुंगीच्या मिशीएवढी रेघ!
तेवढ्यावरून मी एक अख्खी बाई
पृथ्वीच्या वरच्या अर्ध्यात नेऊन ठेवली होती,
किटली-बटाट्यांसकट,
जिथे सूर्य दक्षिणेच्या अंगाने चालतो.

रेघ दिली. रेंडर लावला.
पंखा घरघरला, चौकोन चौकोन करत चित्र भरत गेलं
आणि भरता भरता विझलं.
ओटा राखाडी. किटलीची नुसती कड.
बटाटे काळोखात, जसे मातीत होते.
मी घाईने एक्स्पोझर वाढवलं,
छताशी एक छुपा दिवा टांगला,
काच फटफटली, भिंत दुधासारखी नासली.
काय उजेड पाडला मी!

"राहू दे," त्या म्हणाल्या. "अंधार खरा आहे.
चुलीमागची भिंत कुठे तोंड करून आहे?"
उत्तरेला.
"मग तिथे भोक पाड."

दोन क्लिक.
इतके महिने ना हिमेनाला सुचलं, ना मला.
आम्हाला समुद्र दाखवायचा होता,
जो त्या जन्मापासून पाहत आल्या होत्या.

हातभर रुंद खिडकी.
तिरपं ऊन आलं, चुलीवरून घसरलं,
टोपलीच्या काठाशी थांबलं.
चित्र म्हणून तसं काही खास नव्हतं.
हिमेना परतली, पाहिलं, एक शिवी हासडली
आणि पेन्सिलीने धुराडं डावीकडे सरकवलं.

रंग शेवटपर्यंत जुळला नाही.
पाचव्या प्रतीतही पिवळा चिमूटभर फिका.
मी माफी मागायला तोंड उघडलं.
त्यांनी पोपडा काड्यापेटीत ठेवला, पेटी खिशात.
"दोन हिवाळे जाऊ देत," त्या म्हणाल्या,
"भिंतच येईल तुझ्या कागदापाशी."