रुमाल एकोणचाळीस

मोडी वाचणारे घोसरवाडकर
भिंग सरकवतात:
'सनईवाला, असामी एक, दरमहा साडेतीन रुपये.'
नाव नाही.

आमच्यात सांगतात, मूळपुरुष
भवानी मंडपाच्या नगारखान्यातला.
वंशावळीचा कागद आणलाय मी,
वरची चौकट मोकळी.

तिसऱ्या दिवशी, कसरीनं चाळण केलेल्या पानावर:
'भिवरा नायकीण. आवाज बसला सबब कमी केली.
मुलगा सटवा, सूर धरण्यास ठेविला.'
बापाच्या जागी कोरं.
घोसरवाडकर चष्मा पुसतात,
"लिहायचं काय वर?"

मी पेन्सिल ठेवून शाईचं पेन काढलं.

आबा पत्ती भिजवून
सनई ओठांना लावण्याआधी
दोनदा घसा खाकरायचे.
'सनईला कशाला लागतोय घसा?'
लग्नाच्या मांडवात आम्ही पोरं हसायचो.