लाल नळ

सोहारच्या यार्डात, जुलैच्या सात तारखेला
चौदा व्हॉल्व्ह कमी भरले.
रजिस्टरवर सही माझी.
मेल आला एका ओळीचा :
बेंडल, यू आर इन हॉट वॉटर.

तीनदा वाचला.
शब्द सगळे ओळखीचे, अर्थ लागेना.
गरम पाण्यात म्हणजे कुठे?
आमच्याकडे कोण किती पाण्यात ते बघतात,
तोंडचं पाणी पळतं,
भावकीत एकमेकांना पाण्यात पाहतात पिढ्यान्‌पिढ्या,
पण त्या पाण्यात बोट घालून
ते गरम की गार
कुणी विचारलेलं नाही.

बशीर मुकादमला दाखवला.
सतरा वर्षं झाली त्याला इथे,
साहेबांचं इंग्रजी पगाराच्या तारखेसारखं पाठ.
"अंगाशी आलं," म्हणाला, "शेकणार तुला."
मग स्वतःशीच हसला.
"पण जुलैत या कॅम्पात
गार पाण्यात कोण आहे रे?"

खरंच की.
गच्चीवरच्या टाक्या दिवसभर उकळतात,
निळ्या नळाखाली हात धरवत नाही.
म्हणून मे लागला की आम्ही गीझरचं बटण बंद करतो.
सावलीत त्याच्या पोटातलं पाणी निवतं
आणि अंघोळ लाल नळाने.
नवा पोरगा आला की पहिला धडा हाच :
लाल म्हणजे गार.
उरलेलं हळूहळू कळतं.

रात्री सुगंधाचा फोन.
कसं चाललंय?
"गरम पाण्यात आहे," मी म्हणालो.
"मजा आहे तुमची.
इथे लाकडं ओली,
फुंकून फुंकून माझे डोळे गेले.
पण याल त्या दिवशी
मीही तापवून ठेवीन, दोन हंडे,
निर्गुडीचा पाला टाकून.
अंग मोकळं होईल."

मी हूं म्हटलं.
चौदा व्हॉल्व्ह तिला सांगायचे तरी
कुठल्या भाषेत.

सकाळी साडेसातला साहेबापुढे उभं राहायचंय.
आठ जणांत एक गीझर,
पाचव्यापर्यंत संपतो. मी सातवा.
म्हणून बादली भरून एसीच्या खाली सरकवली,
पहाटेपर्यंत निवेल.

दोन वाजता उठून
बोट बुडवून पाहिलं.
अजून नाही.