पाच समोर, दोन मागे

परदेशातून मागवला तर नऊ हजार चारशे,
वर कस्टम, वर दीड महिना,
आणि माप चुकलं तर परतीचा पत्ता ओसाकाचा.
माझं पोट ओसाकाला कोण समजावणार?
म्हणून फोटो घेऊन तांडापेठेत गेलो
शालिकराव परातेंकडे.
माग विकून त्यांना बावीस वर्षं झाली,
शिलाई मशीन मात्र अजून
मागाच्याच खड्ड्यावर फळी टाकून ठेवलेलं.

त्यांनी चष्मा कपाळावर नेला.
“हे काय हो साहेब? घागरा का पायजमा?”
हाकामा, म्हटलं.
“हाकामा तं हाकामा. प्लेटा किती?”
सात. पाच समोर, दोन मागे.
“काहून? सहा काहून नाई?”

मला ठाऊक नव्हतं.
एकतीस वर्षं वीजबिलं तपासली,
इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता.

गांधीबागेत काळ्या कापडात अकरा काळे निघाले.
दुकानदार दर तागा उलगडून म्हणे, हाच खरा काळा.
शालिकराव कापड मुठीत चुरगाळत,
दाराबाहेर मे महिन्याच्या उन्हात धरत,
“हा निळ्यावर जाते.
हा दोन धुण्यात उंदरासारखा होते.”
शेवटी टेरिकॉट, एकशे ऐंशी मीटर,
घासाघीस करून एकशे सत्तर
आणि दोन चहा दुकानदाराच्या खात्यावर.

वर्धमाननगरला प्लायवूडच्या गोदामावर
आमचा लाकडी तलवारीचा वर्ग.
कूलरला खस, खसेला धूळ, धुळीला घाम.
शिकवते तृप्ती गेडाम, वय सव्वीस,
माझ्या वयाचा अर्धा भागही नाही.
पहिल्या दिवशीच तिने आरशातून पाहिलं:
“काका, डावी बाजू वर घ्या.
उजवी वर फक्त मेलेल्या माणसाला नेसवतात.”
मी घाईघाईने जिवंत झालो.

पट्टे चार. पुढचे दोन लांब, मागचे दोन आखूड.
लांब मागे न्यायचे, फिरवायचे, पुन्हा पुढे,
मग फळी कमरेच्या खळग्यात टेकवायची,
मग आखूड पुढे, मग बेंबीखाली गाठ.
पहिल्यांदा सगळा हाकामा पायांत.
दुसऱ्यांदा एकाच पायात दोन पाय.
तिसऱ्यांदा नीट बसला आणि मी खोकलो.

रविवारी शालिकराव स्वतः बघायला आले.
चपलांच्या रॅकशेजारी बसले, कॉलरला टाचण्या.
माझी चाल बघत नव्हते, प्लेटांची बघत होते.
तिसरी प्लेट वळली तसे उठले,
गादीवर गुडघे टेकून दोन टाके घातले,
माझी बावळट गाठ सोडली,
आणि दोन बोटांत काहीतरी झालं.
मला दिसलंच नाही.
तुटला धागा चालत्या मागावर जोडायची गाठ ती,
चाळीस वर्षं बोटांत राहिलेली.

तृप्तीने ओढून पाहिली. हलेना.
“ही सुटतच नाही, बाबा.”
“सुटाले पाहिजेच काहून?
आमची गाठ सुटली का लुगडं गेलं.”
“आमची घामात टिकायला हवी,
पण एका ओढीत सुटायला हवी.”

शालिकराव गप्प राहिले.
मग तिच्यापुढे हाताची घडी घालून म्हणाले,
“दाखव.”

एक अख्खा तास ती त्यांनाच शिकवत बसली.
मी बाजूला उभा होतो,
मधोमध वळलेली तिसरी प्लेट सांभाळत.

रात्री घरी मात्र माझीच गाठ घामाने फुगून दगड झालेली.
कुमुदने ओट्याशी उभं करून
नखांनी, मग केसांच्या पिनेने सोडवली.
“निऱ्या छान आहेत,” म्हणाली,
“काष्टा विसरला का शिंपी?”

इस्त्रीला वीज होती, पण धीर नव्हता.
गच्चीवर सतरंजीखाली सातही प्लेटा जुळवून ठेवल्या,
वर मी पडलो.
रात्रभर कूस बदलली नाही, कापड सरकेल म्हणून.

सकाळी कापडाला घडी तशी बेताचीच.
पाठीवर मात्र सात रेषा,
मोजून दाखवल्या कुमुदने, बोट फिरवत:
पाच इकडे, दोन तिकडे.
काहून, तिनेही विचारलं.