निव्वळ वजन

मोंढ्याच्या तोंडाशी आमचा काटा, साठ टनी.
रात्रपाळीला मी.
सोयाबीनची गर्दी ओसरली की
बारानंतर एखादाच ट्रक येतो उदगिरात.
मग मोबाइल मीटरला टेकवून
मी जपानी कार्टून बघतो.
(कार्टून म्हणू नको, शिवलीला म्हणते,
ॲनिमे म्हण,
नाहीतर तुझ्या चिठ्ठ्या मी वाचणार नाही.)

चिठ्ठ्या म्हणजे काट्याच्याच पावत्या,
कार्बन नीट न उमटलेल्या, बाद.
पाठीमागं मी लिहितो : नाव, भाग किती,
दहापैकी किती, बघावी का.
सकाळी सोहेलच्या पंक्चरच्या दुकानात
हवेच्या मशीनमागच्या खिळ्याला टोचतो.
तिथून बिदर रोडनं, देगलूर रोडनं
कुणाकुणाच्या खिशातून जातात, मला ठाऊक नाही.

चौसष्ट भागांची तलवारवाली : चार.
हिरो ताकद गोळा करायला तीन भाग ओरडतो.
तेवढ्या ओरड्यात आमच्या आडतीवर
तुरीचा लिलाव दोनदा मिटतो.
स्वयंपाकवाली : गोष्टीला पाच, रश्श्याला नऊ.
ती वाफ ज्यानं काढली त्याला भूक माहीत आहे.
यंत्रमानववाली : सहा. वर अर्धा,
कारण त्याच्या गुडघ्यातून गंज गंजासारखा गळतो
आणि गंज मला कळतो.

भाषेचं एक लिहून ठेवलंय सगळ्यांसाठी :
खालची इंग्रजी ओळ आधीच सांगून मोकळी होते,
आवाज मात्र क्रियापदापाशी शेवटी पोचतो,
आपल्यासारखा.
विचारायचं असलं की तेही शेवटी 'का' लावतात.
पहिल्यांदा तो 'का' कानावर पडला
तेव्हा मी खिडकीकडं वळलो,
वाटलं ड्रायव्हर उभा आहे.

मग ती स्टेशनवाली आली. बारा भाग.
एक म्हातारा, दिवसाला दोन गाड्या,
एक पोरगी उतरते आणि झाडू हातात घेते.
बस. आठव्या भागात
खिडकीत वाळत घातलेला एक बूट
मिनिटभर नुसता निथळतो.

सोहेलनं पावतीवर खाली खरडलं : तीन.
"कुछ होताच नै रे इसमें."
शिवलीलानं, सरकारी दवाखान्यातल्या नाइट ड्यूटीवरून : दहा.
पुढं एक शब्द नाही.
मी सात दिले होते.
दोघांच्या मधले. आडत्यासारखे.

आठवडाभर ती बोलली नाही.
मग स्कूटी चालूच ठेवून एवढंच विचारलं :
"गाडी हलूलाली असताना
पावती फाडतूस का रे तू?"

नाही फाडत.
गाडी चढली की आकडा पळतो,
ड्रायव्हर उतरतो, क्लीनर उतरतो,
ताडपत्रीवरून एखादं कुत्रं उडी टाकतं,
आकडा थांबेपर्यंत मी बटणाला हात लावत नाही.
आणि थांबला तरी ते भरलेलं वजन.
गाडी रिकामी होऊन परत यावी लागते,
मग वजाबाकी, मग निव्वळ.
सहा वर्षं हेच करूलालो,
आणि मालिकेचं शेवटचं गाणं संपायच्या आत
मार्क देऊन बसतो.

परवा निलंग्याची गाडी आली, करडईची.
क्लीनर पोरगा अनवाणी उतरला.
नळावर धुतलेला त्याचा कॅनव्हासचा बूट
बॉनेटवर, नाक वर करून.
आकडा थांबला.
मी बघत राहिलो.
ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला
तेव्हा कुठं पावती निघाली.

सकाळी सोहेलकडं देवणीचा एक पोरगा थांबलेला.
"आकडा सांगा भौ. दिवसाला दीड जीबी मिळतं.
ह्या स्टेशनवालीवर घालवू का नको?"
मी खिळ्यावरची पावती काढली,
सात खोडला,
लिहिलं : आठवा भाग रात्री बघ. एकटा.
"म्हंजी किती?"
म्हटलं, गाडी अजून काट्यावरच हाय.

त्यानं पावती उलटी केली,
पुढच्या बाजूचं कुणाच्या तरी तुरीचं वजन वाचलं,
आणि म्हणाला,
"मग ती तलवारवालीच द्या."