जे दाबल्यावर

कार्दलाच्या वाचनालयात दर गुरुवारी
मी लोकांचे बिघडलेले संगणक बघतो.
जानेवारीत चार वाजताच बेटावर अंधार,
आणि त्याच अंधारातून हेल्यू पिहेल येतात,
लॅपटॉप लोकरीच्या शालीत गुंडाळून,
ताप आलेल्या पोरासारखा.

"बँक म्हणते, तुमचा ब्राउझर म्हातारा झालाय.
म्हटलं, मीही झालेय.
मला नाही अजून कुणी दाराबाहेर ठेवलं."

मी चार नवे मांडले त्यांच्यापुढे,
भांडीवाल्यानं मांडावेत तसे, बोटानं वाजवून.
हा रंगीत चक्रीचा. सुसाट पळतो,
पण मेमरी खातो लग्नातल्या पाहुण्यासारखी
आणि तुम्ही काय शोधलंत ते
हळूच मालकाच्या कानावर घालतो.
हा कोल्ह्याच्या शेपटीचा. पाळतीवरच्यांना थोपवतो;
एखादं पान मात्र यात वाकडंतिकडं दिसतं.
हा सिंहाच्या तोंडाचा. जाहिराती उंबऱ्यावरच झाडतो,
मग स्वतःच काहीबाही विकायला बसतो.
चौथा लॅपटॉपबरोबर आलेला, घरजावई.
उठवला तरी पुढच्या अपडेटला
पुन्हा त्याच खुर्चीत.

"यातला फुकट कुठला?"
सगळेच.
"मग पैसे कोण भरतं?"
तुम्हीच. कळणार नाही इतके थोडे थोडे.

"आणि ही काळी, खासगी खिडकी?
हिच्यात मला कुणी बघत नाही ना?"
ही फक्त घरातल्यांपासून लपवते,
रस्त्यावरच्यांपासून नाही.
"घरात कोणी नाही," त्या म्हणाल्या.

मी घाईनं कुलपाच्या चित्राकडे वळलो.
कुलूप दिसलं म्हणून बिनघोर राहू नका.
ते एवढंच सांगतं की वाटेत कुणी पत्र फोडलं नाही.
पत्ताच चोराचा असेल
तर पत्र त्याच्या घरी
अगदी सुखरूप पोचतं.
त्यांनी वहीत लिहून घेतलं.
चोर या शब्दाखाली दोन रेघा.

आणि मग, एवढं सगळं ऐकून,
त्यांनी जुनाच उघडला.
वरच्या पट्टीत एक अक्षर दाबलं. जे.
पुढचं पट्टीनं आपलं आपण लिहिलं.
आमच्या भाषेत बर्फाच्या रस्त्याचं नाव
याच अक्षरानं सुरू होतं:
समुद्रावर आज जाडी किती, किती टनांची गाडी चालेल,
सीटबेल्ट सोडूनच बसा.

"हार्डो रोज पहाटे सहाला हे बघायचा.
मी कधी नाही बघितलं.
हे अक्षर त्याचं आहे."

बरेच हिवाळे झाले, खाडी नीट गोठलेली नाही.
पान उघडतं ते दोनच शब्द सांगायला: रस्ता बंद.

मी सांगून पाहिलं.
याला तीन वर्षांत ठिगळ लागलेलं नाही,
याची भोकं साऱ्या जगाला पाठ आहेत.
हिस्टरी नव्यात हलवता येते, एक बटण.
"नव्यालाही तो सहाला उठायचा हे कळेल?"
काही दिवस कळेल.
तुम्ही हे अक्षर वापरलं नाही,
तर नवा त्याला हळूहळू मागे सारेल.

त्या बराच वेळ गप्प.
रेडिएटर तेवढा ठकठक करत राहिला.

शेवटी कोल्हा घेतला.
"कोंबड्या नेतो माझ्या. निदान ओळखीचा आहे."
बँक कोल्ह्यात, औषधांच्या चिठ्ठ्या कोल्ह्यात.
जुन्यासाठी मी फायरवॉलमध्ये एक नियम लिहिला:
याला बाहेर सोडू नये.

त्यांनी करून बघितलं. जे.
पट्टी तशीच भरली, पहिल्यासारखी,
आणि खाली पांढरं पान: इंटरनेट नाही.
"असू दे," त्या म्हणाल्या.
"बर्फ तरी कुठे आहे."

मग शाल, मग वाळू टाकलेल्या पायवाटेवरून
बस थांब्याकडे, सावकाश.
वही टेबलावर राहिली म्हणून मी मागे धावलो.
पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत,
बँकेचा पासवर्ड.

ते पुढच्या गुरुवारी बोलू.