किती उंच

तौफिक शिकलगारानं जुनं आउटडोअर खोललं
तर पत्र्याच्या फटींत
एकोणीसचा गाळ,
वाळून चहाच्या भुकटीसारखा.
"काकी, एवढं पोटात घेऊन
ह्यानं गार केलं तरी कसं?"
कण्हायचं की रोज रात्री, म्हटलं.
ह्यांना त्या आवाजाशिवाय झोप नव्हती.

तांब्याचा भाव वेगळा, बाकी किलोवर.
टेम्पोत चढताना त्यातून
थोडं पाणी सांडलं, एवढंच.
भिंतीवर राहिला
मूळच्या पिस्ता रंगाचा चौकोन
आणि चार भोकं.

"नवं किती उंच लावू?"
मी हात डोक्यावर नेला,
टाचा उचलल्या.

तो काही बोलला नाही.
शिडीच्या आणखी दोन पायऱ्या चढला,
मग ड्रिल लावलं.

त्याचं घर दत्तनगरात.
आमच्याहून सखल.